मांडीवरचा लॅपटॉप

४ जानेवारी
हिचा लॅपटॉप आज तिसऱ्यांदा आपोआप बंद पडला. तळाला हात टेकवेना. पडेल नाही तर काय? बाईसाहेब रजईत बसून मांडीवर घेतात. खालची जाळी झाकलेली, हवा शिरणार कुठून!

एप्रिलमध्ये लेकीला बाळ होईल. त्याच्यासाठी ही गोष्टी लिहितेय. हिच्या पोटाचं दुखणं असं, की डॉक्टर एप्रिलचं नाव काढत नाहीत. आम्हीही काढत नाही. लॅपटॉपचं बोलतो.

६ जानेवारी
दुरुस्तीवाल्या मुलीने उघडून दाखवला. पंख्यापुढे धुळीची गादीच. आतली उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडखडीत. साफ केला, नवी पेस्ट लावली. "काका, मऊ जागेवर ठेवू नका. अजून चार-पाच वर्षं सहज काढेल." कारखान्यात चाळीस वर्षं लेथ सांभाळलं मी — आणि ही मला शिकवते. पण मुलगी कामाची पक्की.

८ जानेवारी
दोन दिवस खपून पत्र्याचा स्टँड केला. भोकं पाडली, कडा घासल्या. पलंगाशी टेबल लावून त्यावर ठेवला. "छान झालाय हो," म्हणाली. हात जरा लांबवावे लागतात. होईल सवय. त्याचं तापमान आता रोज वहीत टिपणार.

१७ जानेवारी
भाजी घेऊन आलो तर पुन्हा मांडीवर! ओरडलो. उचलून स्टँडवर ठेवला. "माझा ताप कधी वहीत लिहिलात? याचा मात्र रोज लिहिता," म्हणाली आणि हसली. मीही हसलो. हसायला नको होतं.

२ फेब्रुवारी
बावन्न अंश. पंख्याचा आवाजसुद्धा नाही.

२० फेब्रुवारी
हिच्या लिहून दिवसाला चारच ओळी होतात. थंडी वाजते म्हणते. आणखी एक पांघरूण घातलं. लॅपटॉप ठणठणीत आहे.

११ मार्च
सकाळी गेली.

२९ मार्च
लेकीला पाठवायला फाइल उघडली. नऊ गोष्टी पुऱ्या. दहावीच्या जागी एवढंच —

"बाळा, तुझे आजोबा या यंत्राला फार जपतात. ते बाहेर गेले की मी हे पोटाशी घेते. ऊब लागली की दुखणं कमी होतं. त्यांना सांगू नकोस. इतक्या हौसेने स्टँड केलाय, मन मोडवत नाही."

तिची रजई काढली. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. तापू दिला.