साडेपाचचे साडेचार

२ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी दूध आणलं. दहाला लाइट गेली, बाराला आली. जेवण. दुपारी अनुजाचा फोन. राजमती, माझी बायको, रेंजवर नेमबाजी शिकवायची, तिथली ही विद्यार्थिनी. आता पोस्टात नोकरीला आहे. वीस तारखेला निवड चाचणी आहे, मॅडमची एअर रायफल न्यायला कधी येऊ, असं विचारत होती. कळवतो म्हटलं. आठवड्याला एक तरी फोन असतोच. मुलगी चिकट आहे.

रायफल अनुजाला द्यायची, असं राजमतीने जाण्यापूर्वी जूनमध्ये दवाखान्यात मला सांगितलं होतं. ते बरोबरच आहे. द्यायचीच आहे. पण 'लगेच' असं ती म्हणाली नव्हती.

शिवाय रायफल चार महिने कपाटावर पडून आहे. न तपासता वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं योग्य नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं मी तपासल्याशिवाय रस पुढे सोडला नाही.

संकल्प: रायफलीची रीतसर टेस्ट घेणे. मुदत एक आठवडा.

संध्याकाळी दुकानातून छर्ऱ्यांचे चार डबे आणले. साइज कुठली, असं दुकानदाराने विचारलं. मोठी द्या म्हटलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार
छर्रे बसत नाहीत. रायफलीची नळी साडेचार मिलिमीटरची, छर्रे साडेपाचचे. दुकानदार फोडलेला डबा परत घेत नाही. चारही का फोडले, असं त्याने विचारलं. पहिल्या तीन डब्यांतले बसले नाहीत म्हणून, असं सांगितलं. त्याला ते पटलं नाही.

राजमतीचा साडेचारचा अर्धा डबा कपाटात आहे. तो वापरायचा नाही. कारण विशेष काही नाही.

साडेपाचचे साडेचार करणं अवघड नसावं. शिसं मऊ असतं.

५ ऑक्टोबर, शनिवार
एसटीने हुपरीला. शांतिनाथ, राजमतीचा धाकटा भाऊ. यांच्या घरातच चांदीचे पैंजण होतात. तार बारीक करायला एक पोलादी पट्टी असते, तिला ओळीने लहान होत गेलेली भोकं. तार एकेका भोकातून ओढायची. छर्ऱ्यांचंही तसंच करता येईल, असं मी समजावून सांगितलं आणि पिशवी उघडली. तो उठून उभाच राहिला. चांदीत शिसं गेलं तर सगळा माल तडकतो म्हणे. पिशवी चपलांपाशी ठेवायला लावली.

मग कशाला मारणार, असं विचारलं. कागदाला, म्हटलं. आपण जैन, जिवाला नको, कागदाला चालेल म्हणाला.

निघताना एक झिजलेली जुनी पट्टी दिली आणि परत आणू नका म्हणून बजावलं. दारात विचारलं, "दाजी, अक्काची बंदूक त्या पोरीला दिलीसा न्हवं?"

टेस्टिंग चालू आहे, असं सांगितलं. त्या वेळी ते चालू नव्हतं, पण होणार होतं.

७ ऑक्टोबर, सोमवार
छर्रा ओढता येत नाही. धरायला टोक नसतं. म्हणून ठोकायचा. पट्टी दोन विटांवर, वरून बोथट खिळा, हातोडी. एकेक छर्रा सहा भोकांतून. मूळ छर्रा कमरेत बारीक आणि मागे घेरदार असतो. माझा सरळ, लांबट, जिऱ्यासारखा होतो. दिसायला जास्त आधुनिक वाटतो. दिवसभरात सात झाले. दोन हरवले. अंगठ्याला बँडेज.

९ ऑक्टोबर, बुधवार
टेस्ट. स्वयंपाकघराच्या दारापासून हॉलच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर होतात, सोफा सरकवला तर. भिंतीशी वाळूचं पोतं, त्यापुढे धुण्याच्या साबणाची वडी. छर्रा किती आत जातो ते मोजायचं. तुलनेसाठी राजमतीच्या डब्यातला एक मारायला हवा होता. मारला नाही. त्यामुळे तुलना नाही.

पहिला छर्रा सोफ्याखाली गेला. दुसरा कॅलेंडरला लागला. तिसरा साबणाला लागला आणि खाली पडला.

निष्कर्ष: साबण चांगल्या प्रतीचा आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी
अनुजाचा फोन. आज हत्यार पूजेला बसवलंय, हलवता येत नाही, असं सांगितलं. बरं म्हणाली. मग जेवलात का, काय केलं होतं, असं विचारत बसली. आमटी-भात म्हटलं.

आमच्याकडे ही पूजा कधी नव्हती. पण खोटं नको, म्हणून फोन झाल्यावर रायफल पाटावर ठेवली आणि झेंडूचं फूल वाहिलं. अंबूबाई स्वयंपाकाला येतात, त्यांनी ते पाहिलं. "वैनींच्या फोटूला एक फूल न्हाय, आन् बंदुकीला?" म्हणाल्या.

फोटो अजून फ्रेमिंगला दिलेला नाही. संकल्प: दिवाळीच्या आत देणे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
पद्धत सुधारली. छर्रे आधी खोबरेल तेलात भिजवायचे. सुबक निघाले. रायफलीत बसवताना बराच जोर लागला, म्हणजे फिटिंग उत्तम. बाजूचा दांडा ओढून हवा भरली, चाप दाबला. आवाज आला. छर्रा आला नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार
छत्रीची काडी घालून पाहिली. काडी वाकली. मग असा विचार केला की मागून दुसरा छर्रा मारला तर तो पहिल्याला ढकलेल.

निष्कर्ष: आता नळीत दोन आहेत.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
शांतिनाथचा फोन. टेस्टिंग शेवटच्या टप्प्यात आहे, असं सांगितलं. मग म्हणाला, "दाजी, रविवारी रेंजवर चला म्हणून अक्का तुमास्नी किती सांगत हुती. एकदा तरी गेलतासा?"

कारखान्याचा सीझन असायचा, असं सांगितलं. सीझन पाच महिन्यांचा असतो हे त्यालाही माहीत आहे.

संकल्प: उद्या दोन्ही छर्रे काढणे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
निघाले नाहीत.

१९ ऑक्टोबर, शनिवार
चारला अनुजा स्वतःच आली. न कळवता. रायफल पुढे ठेवली. तिने मागचं झाकण उघडून नळीतून उजेडाकडे पाहिलं. उजेड दिसत नव्हता. छर्रे अडकले आहेत, असं मी सांगितलं. कुणाचे, असं तिने विचारलं. माझे, म्हटलं. कसे केले, हेही सांगितलं. ती हसली नाही.

तुझी उद्याची चाचणी माझ्यामुळे गेली, असं मी म्हणालो. हे म्हणायला दोन आठवडे लागले.

"काका, मी उद्याच्या चाचणीला नावच दिलेलं न्हाई," ती म्हणाली. "मॅडम जूनमध्येच म्हणालेल्या, ते लगेच देणार न्हाईत, तू जानेवारीच्या चाचणीला नाव घाल."

मग इतके फोन कशाला केलेस, असं विचारलं. ती बराच वेळ रायफलीचा पट्टा सारखा करत होती.

"तेही मॅडमनीच सांगितलेलं. दर आठवड्याला फोन कर म्हणाल्या. रायफलीचं निमित्त कर, न्हाईतर ते फोनवर बोलायचे न्हाईत."

मी रायफल पेटीत ठेवली. कड्या लावल्या. अडकलेले छर्रे रेंजवर काढून देतात, नळीला काही होणार नाही, असं ती म्हणाली. उरलेले छर्रे नेतेस का, असं विचारलं. नको म्हणाली. गेटपर्यंत पेटी मी धरली, पुढे तिने स्कूटरवर घेतली. आता फोन कशाचं निमित्त काढून करशील, असं विचारायचं होतं. विचारलं नाही.

अंबूबाई आज रजेवर. सूर्य मावळायच्या आत जेवायला हवं. सकाळचा भात होता, त्याला फोडणी दिली. जेवलो. ताट घासून पालथं घातलं.