वंशावळ उघडेना

वाघोली, ता. वसई
बुधवार, दुपारी जेवणानंतर

रा. रा. जावईबापू जितेशराव यांस सदानंदाचे, घरातल्या सर्वांच्या वतीने, आशीर्वाद.

तुमची आणि चि. सौ. अश्लेषाची प्रकृती चांगली असेल, पुण्याला पाणी वेळेवर येत असेल, तुमची पाठ दुखायची थांबली असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. वाडीतली केळी ठीक आहेत, सोनचाफा ठीक आहे, माझा रक्तदाब तेवढा ठीक नाही. तो का ठीक नाही हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी तोंड उघडायच्या आत तुम्ही "बाबा, एकदा रीस्टार्ट करून बघा" म्हणता, आणि जावयाचं बोलणं मध्येच तोडायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणून हाताने लिहितो आहे, पानांचे फोटो काढून तुम्हांला व्हॉट्सअॅपवर टाकीन. (कॉम्प्युटरवरही लिहिता आलं असतं. पण शनिवारपासून मी त्याच्याशी बोलत नाही.)

अधिक महिन्यात तुम्हांला मानाने जेवायला बोलावलं. हिने तेहतीस अनारसे केले, एकही तळताना हसला नाही. तुम्ही पोटभर जेवलात आणि दुपारी आडवं व्हायचं सोडून माझ्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलात. जुन्या विंडोजचे अपडेट बंद झालेत म्हणालात, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत त्यावर लिनक्स बसवून मोकळे झालात. फुकट आहे, व्हायरस येत नाही आणि सगळं खुलं आहे, असं तुम्ही तीनदा सांगितलंत. मी काही बोललो नाही. वाण घ्यायला आलेल्या जावयाला कोण काय बोलणार? (हे तुम्हांला उद्देशून नाही, गैरसमज नसावा. मी यंत्राला बोलतो आहे. ते तुम्ही बसवलंत हा निव्वळ योगायोग.)

आता मुख्य गोष्ट. येत्या रविवारी आमच्या चुरी कुळाचा मेळावा आहे, हे तुम्हांला माहीत आहे. त्यासाठी मी वंशावळ तयार करतो आहे, हेही माहीत आहे. पण ती का करतो आहे हे तुम्हांला नीट ठाऊक नसावं. आमचे चुलतबंधू नरहरी यांच्याकडे कुळाची जुनी वंशावळ आहे. वडाचं झाड, त्याच्या फांद्या, फांद्यांवर पानं आणि प्रत्येक पानावर एक पुरुष. अकरा पिढ्यांत एकही बाई नाही. जणू आमचे पूर्वज एकमेकांना फांदीवरून फुटले! गेल्या वर्षी मेळाव्यात नव्वदीच्या सावित्रीआत्याने त्या झाडावर बोट फिरवून आपलं नाव शोधलं. सापडलं नाही. तिने नरहरीला विचारलं, तर हा गृहस्थ म्हणाला, "आत्या, तू केळव्याला दिलेली. तुझं पान तिकडच्या झाडाला." आणि केळव्याच्या झाडावर तिच्या नवऱ्याचं पान आहे, तिचं नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. मी तिथल्या तिथे भर हॉलमध्ये सांगितलं की पुढच्या वर्षी वंशावळ मी लावीन आणि तीत कुळातली प्रत्येक लेक आणि प्रत्येक सून असेल, माहेरच्या नावासकट.

तेव्हापासून मी हिंडतो आहे. आगाशी, केळवे, बोळींज, अगदी चांदीपपर्यंत जाऊन म्हाताऱ्यांना भेटलो. बायकांची नावं पुरुषांना विचारून मिळत नाहीत. (एका सद्गृहस्थांनी स्वतःच्या आजीचं नाव "मोठी आई" असं सांगितलं आणि वर तेच लिहा म्हणाले.) बायकांना विचारलं तर "आमचा नाव कशाला?" म्हणून पदर सावरून हसतात आणि मग हळूच सांगतात. अशी तीनशे बारा माणसं जमली, त्यांतल्या एकशे सेहेचाळीस बायका. तुम्हीच लिनक्सवर शोधून दिलेल्या त्या वंशावळीच्या प्रोग्राममध्ये दोन महिने बसून मी एकेक नाव भरलं. फ्लेक्स छापणाऱ्याला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चित्र द्यायचं आहे. नाही दिलं तर नरहरी आपलं झाड घेऊन तयारच आहे. त्याने ते यंदा लॅमिनेटसुद्धा करून घेतलं आहे.

आणि शनिवारी सकाळी प्रोग्राम उघडेना. चिन्हावर दोनदा टिचकी मारली. एक गोल फिरला, फिरला आणि थांबला. पुढे काहीच नाही. पुन्हा टिचकी, पुन्हा गोल, पुन्हा काही नाही. अहो, सरकारी कचेरीतला कारकूनसुद्धा "साहेब जेवायला गेलेत, मंगळवारी या" एवढं तरी सांगतो. इथे होय नाही, नाही नाही, नुसतं गिरकी घेऊन गप्प! अशा वागण्याला आमच्याकडे उर्मटपणा म्हणतात. मग तुम्हांला फोन केला. तुम्ही रीस्टार्ट करायला सांगितलंत, केलं. प्रोग्राम काढून पुन्हा घालायला सांगितलंत, तेही केलं. त्यासाठी ती हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून पासवर्ड द्यायचा होता. पासवर्ड टाइप करतो तर पडद्यावर साधं टिंब उमटेना. कीबोर्ड बिघडला म्हणून मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, जोर लावून पुन्हा टाइप केलं. आता तो पासवर्ड कुंपणापलीकडच्या थेरेसाबाईंनाही पाठ आहे. एवढं करून प्रोग्राम नव्याने बसला आणि नव्याने उघडला नाही. बॅकअप आहे का, असं तुम्ही विचारलंत. आहे, पेनड्राइव्हवर आहे. आणि तो उघडायला तोच प्रोग्राम लागतो!

सोमवारी कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून पारनाक्याला मार्कच्या दुकानात नेला. मार्क हा अख्ख्या वसईचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो, मुलगा गुणी आहे. त्याने पडदा पाहिला मात्र, हात मागे घेतले. म्हणाला, "काका, हा लिनक्स हाय. आपन नाय करत. बोलत असाल तर विंडोज टाकतो, पन डाटा सगला उडेल." तीनशे बारा माणसं उडवायला हा तयार! मी डबा उचलला आणि पुन्हा रिक्षा केली.

मग काल सकाळी तुम्ही व्हॉट्सअॅपवर एक ओळ पाठवलीत, ती त्या काळ्या खिडकीत टाकायची आणि यंत्र काय म्हणतं ते वाचून दाखवायचं. टाकली. चार दिवसांत पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं. काय म्हणालं? इंग्रजीत म्हणालं की सेटिंगची फाइल वाचता येत नाही, पहिल्या ओळीतलं पहिलंच अक्षर अनपेक्षित आहे. ही सेटिंगची फाइल तुम्हीच मला दाखवून ठेवली होती. ती म्हणे माझ्या "होम"मध्ये असते, पण दिसत नाही. (माझ्याच घरात माझ्यापासून लपवलेली खोली, आणि वर सगळं खुलं आहे!) अक्षरं बारीक वाटली तर ती फाइल उघडून अकराच्या जागी अठरा लिहा, साधा कागद आहे असं समजा, असं तुम्ही म्हणाला होतात. गेल्या शुक्रवारी मी अगदी तसंच केलं. अकराचे अठरा केले. आणि कागदच समजायचा तर कागदाचा माथा मोकळा दिसला, म्हणून सगळ्यांत वर लिहिलं, ॥ श्री ॥.

यात काय चुकलं? आमच्या घरात श्री लिहिल्याशिवाय कागद सुरू होत नाही. आमचे वडील किराणामालाच्या यादीवर श्री लिहीत, तारेच्या कुंपणाच्या मापावर श्री लिहीत, वीजबिलाच्या तक्रारअर्जावर तर दोनदा लिहीत. एकाही वाण्याने, सुताराने किंवा इंजिनिअरने आजवर "अनपेक्षित" म्हणून अर्ज परत केला नाही. आणि हे दीड वितीचं खोकं, ज्याची दसऱ्याला मी स्वतः पूजा करतो, झेंडू वाहतो, ते श्री पाहून दार लावून घेतं! तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाबा, ती ओळ काढून टाका." मी नाही म्हटल्यावर म्हणालात, "नाहीतर तिच्यापुढे हॅश, ते जाळीचं चिन्ह, लावा, म्हणजे मशीन ती ओळ वाचणार नाही." जितेशराव, तुम्ही आमचे जावई आहात, विष्णूच्या जागी आहात. पण देवाच्या नावापुढे जाळी मारून यंत्राला "इकडे लक्ष देऊ नकोस" अशी खूण करायची? आणि शुभकार्याच्या आरंभीच? मला ते मान्य नाही. मी लिहिलेला श्री मी पुसणार नाही. मग ती वंशावळ अडली तरी बेहत्तर. (अडता कामा नये. शुक्रवार, संध्याकाळी पाच.)

तेव्हा आता तुम्ही असं करावं. हा प्रोग्राम परदेशातले काही सज्जन मिळून फुकट चालवतात, आणि चूक कळवली तर दुरुस्त करतात, असं तुम्हीच सांगितलं होतं. तर त्यांना चांगल्या इंग्रजीत एक पत्र लिहावं, की सदानंद चुरी, राहणार वाघोली, यांची रीतसर तक्रार आहे. पहिली ओळ देवासाठी सोडावी आणि काम दुसऱ्या ओळीपासून धरावं. भाषा नम्र असावी पण कणा ताठ असावा. आणि दुरुस्ती गुरुवार रात्रीपर्यंत पाठवावी, म्हणजे शुक्रवारचा दिवस हाताशी राहील. आत्या रोज सकाळी फोन करते, "सदा, माजा नाव लागला का रे?" मी रोज सांगतो, लागलंय. खोटं नाही, लागलं आहेच. फक्त ते मलाही दिसत नाही, हे नव्वद वर्षांच्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू? खरं सांगतो, राग यंत्राचा येतो, पण भीती आत्याची वाटते. ती पुढच्या मेळाव्याला असेलच असं नाही.

अश्लेषाला आशीर्वाद. पाठीला शेक देत जा.

तुमचा,
सदानंद

ता. क. परदेशी पत्र लिहिलं नसेल तर थांबा. मी हे लिहून जरा पडलो होतो, तेवढ्यात हिने अश्लेषाला फोन लावला, फाइल उघडली आणि माझा श्री चक्क पुसला. मी उठून ओरडणार तोच तिने एका चिठ्ठीवर ॥ श्री ॥ लिहिलं, हळदकुंकू लावलं आणि चिठ्ठी पडद्याच्या डोक्यावर चिकटवली. म्हणाली, "देवाला वर बसवलाय. आता आत कशाला कोंबता?" टिचकी मारली. उघडला. तीनशे बाराच्या तीनशे बारा माणसं, अठराच्या अक्षरात. लगेच आत्याला फोन करून तिची चौकट वाचून दाखवली. तिने तीन वेळा वाचायला लावली. तेव्हा वरच्या आठ पानांतला राग रद्द समजावा.

ता. क. २. हे पान अश्लेषाला दाखवू नये. प्रोग्राम उघडल्यावर ही कौतुकाने एकेक नाव वाचत खाली आली. आत्या, माझी आई, काकू, सगळ्यांची माहेरची नावं, जन्मगाव, जन्मतारखा. मग माझी चौकट आली आणि तिला जोडलेली हिची. त्यात असं आहे : "विनया. माहेरचं नाव : नंतर भरणे. जन्मगाव : नंतर भरणे. जन्मतारीख : नंतर भरणे." तिने ते शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "नंतर म्हणजे माझं तेरावं झाल्यावर का?" आणि आत गेली. अहो, मी केळवे पाहिलं, चांदीप पाहिलं. ही तर घरातच असते, केव्हाही विचारता येईल म्हणून ठेवलं होतं. माहेरचं नाव आणि गाव मी आत्ता भरलं, तेवढं मला येतं. जन्मतारीख मात्र येत नाही. तेव्हा अश्लेषाला सहज बोलता बोलता तिच्या आईची जन्मतारीख विचारून शुक्रवारी पाचच्या आत मला कळवावी. एकोणचाळीस वर्षांच्या संसारानंतर ती तिलाच विचारायचा मला धीर होत नाही.