तूरडाळीतला देव

बाबा,

काल तुमचं श्राद्ध झालं. या वयातही आईनं अळूची भाजी स्वतः केली, आमसुलाची चटणी वाटली, आणि पान वाढून झाल्यावर दर वर्षीचं वाक्य बोललीच, "माणूस सोन्यासारखा होता, पण माझा देव त्यांनी परमुलखात टाकला." मी ताटाकडे बघत ऐकून घेते. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, तरी हा आळ तुमच्यावरून हटलेला नाही. तो खरा माझ्यावर यायला हवा होता, म्हणून आज लिहायला बसले आहे.

सौदीतलं, तबूकचं आपलं घर आठवतं? कंपनीच्या आवारातल्या दोन खोल्या, खिडक्यांना कायम जाड पडदे. वाळू आत येऊ नये म्हणून, असं आल्यागेल्याला सांगायचं. खरं कारण तूरडाळीच्या डब्यात होतं. आजीनं आईला लग्नात दिलेला रांगता बाळकृष्ण, पितळेचा, अंगठ्याएवढा. त्या देशात मूर्ती आणायला बंदी, म्हणून आईनं त्याला डाळीत पुरूनच विमानातून आणला होता. सकाळी तुम्ही साइटवर गेलात की ती त्याला बाहेर काढायची, वाटीत आंघोळ घालायची, साखर दाखवायची आणि पुन्हा डाळीत ठेवायची. "अन्नात आहे बाई, उपाशी तर नाही," असं म्हणून स्वतःच हसायची.

त्या वर्षी ईदच्या सुट्टीत तुम्ही गाडी काढायचं ठरवलंत. सगळं शहर नुसतं बांधलं जात होतं. दोन वर्षं आम्ही क्रेन आणि सिमेंटची धूळ सोडून काही पाहिलं नव्हतं. सरहद्दीपलीकडे जॉर्डनच्या डोंगरात गावं आहेत, झरे आहेत, अंजिराची झाडं आहेत, असं तुम्हाला कुणी तरी सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी तुमचे रत्नागिरीचे फोरमनचाचा ऑफिसातून आपले पासपोर्ट घेऊन आले. चहा पिता पिता म्हणाले, "जाताना कोण बघत नाय, साहेब. येताना मात्र डबे उघडतात हां. काय सापडला नि इकामा गेला, की खलास." तुम्ही हसलात. आई उठून आत गेली. मी दहा वर्षांची होते, पण इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना आणि खलास म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या केरळी घराचं तसंच झालं होतं; दोन दिवसांत घर रिकामं, आणि माझ्या मैत्रिणीची एक चप्पल दारात राहिलेली.

आई बाहेरचं खायची नाही. म्हणून स्टोव्ह, तांदूळ आणि तो डाळीचा डबा गाडीत आलाच. तुम्ही डब्याकडे पाहिलंत आणि डिकी बंद केलीत.

ती बाग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ऑलिव्हची झाडं, दगडावर दगड रचून केलेल्या भिंती, दोन्हींच्या मधून जाणारा पाण्याचा पाट. खिचडी शिजतेय. बागवाली म्हातारी ओच्यातून अंजिरं घेऊन येते आणि आईशेजारी मांडी घालून बसते. एकीला मराठी, दुसरीला अरबी, तरी दोघींचं छान चाललं आहे. आई डाळीतून देव काढते, पाटाच्या पाण्यानं न्हाऊ घालते आणि दगडावर उन्हात ठेवते. "दोन वर्षांनी ऊन लागलं गं बाई त्याला." म्हातारीला ते माझं खेळणं वाटतं. ती एका बोटानं त्याच्या डोक्यावर थोपटते आणि माझ्याकडे बघून हसते.

जेवणं झाल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "याला इथंच कुठं तरी..."

"आला तसा येईल," आई म्हणाली. विषय संपला. पण तुमच्या हातातून गाडीची किल्ली दोनदा खाली पडली, ते मी पाहिलं. आईनं त्याला पुन्हा डाळीत ठेवलं आणि ती भांडी घासायला पाटावर गेली. तुम्ही बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी घालत होतात. मी डब्यात हात घातला, त्याला मुठीत घेतलं आणि भिंतीच्या एका फटीत ठेवलं. पुढे एक दगड लावला. त्याचं तोंड कुणीकडे केलं होतं, ते आता आठवत नाही.

चौकीवरच्या अधिकाऱ्यानं काहीच उघडलं नाही. पासपोर्टवर शिक्के मारले, खिडकीतून मला एक टॉफी दिली आणि "यल्ला, यल्ला" म्हणून हात हलवला. चौकी मागे पडली तशी आईनं मांडीवरच्या डब्यावर थाप मारली. "बघा, आला की नाही?" तबूकपर्यंत ती गुणगुणत होती. टॉफी माझ्या मुठीत वितळली.

दुसऱ्या सकाळी तिनं सगळी डाळ वर्तमानपत्रावर ओतली. बोटांनी पसरली, चाळली, पुन्हा पसरली. मग तुमच्याकडे वळली. "तुम्ही काढलात?"

तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हो."

"टाकलात?"

"टाकला नाही. भिंतीत ठेवला."

भिंतीचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं, बाबा. म्हणजे बॉनेटआडून तुम्ही सगळं पाहिलं होतंत. कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की लेकीसाठी बापानं आळ घेतला. ते खरंच आहे, आणि त्यासाठी मी तुम्हाला जन्मभर मानलं. पण पुढे माझा मला राग येईना, तुमचा यायला लागला. दहा पावलांवर होतात तुम्ही. "ठेव परत" एवढंच म्हणायचं होतं. तुम्हाला जे करवत नव्हतं ते पोरीच्या हातून परस्पर होत होतं, आणि तुम्ही पाणी घालत राहिलात.

आईनं दुसरा बाळकृष्ण कधी घेतला नाही. भारतात परत आल्यावर नाशिकच्या देव्हाऱ्यात त्याच्या जागी सुपारी ठेवली. रोज तिलाच आंघोळ, तिलाच साखर. तुम्हाला ती वेळेवर चहा द्यायची, डबा द्यायची, पण तुमच्यासमोर कधी गुणगुणली नाही. आणि मी अजून डाळ निवडताना थांबते. दाण्यांत काही तरी जड, गार बोटाला लागल्याचा भास होतो. हात बाहेर काढला की नुसती डाळ असते.

आत्ता आईनं आतून विचारलं, "काय लिहितेस एवढं?" सांगायची ही चांगली वेळ होती. मी म्हटलं, "वाणसामानाची यादी." ती म्हणाली, "तूरडाळ लिही. आणि नीट बघून आण." मी याच कागदाच्या मागे तूरडाळ लिहिलं, म्हणजे हा कागद आता वाण्याकडेच जायचा.

आठवत नाही म्हटलं ते खोटं होतं, बाबा. तोंड मी आतच केलं होतं. आपण सोडून जाताना त्यानं बघू नये म्हणून.