दाराची फट

शनिवार, संध्याकाळ

आज आईबाबा गाडीत बसले आणि ड्रायव्हरचं दार लागेना. रिकाम्या गाडीत दाराच्या कडेची फट वरच्या बाजूला चार मिलिमीटर होती. दोघं बसल्यावर शून्य.

दोघं उतरल्यावर मी समोरच्या काचेच्या चौकटीजवळची पुट्टी खरवडली. खाली करवतीची खूण. तीन वर्षं बाबांच्या जोडीनं ही जुनी अमेरिकन गाडी उभी करणाऱ्या बापूमिस्त्रींना मी बाजूला घेतलं.

"टप कुणी कापला?"

"मीच की. लई वर्सं झाली. तवा ही वरातीला भाड्यानं जायची. वरातीत नवरदेव हुबा ऱ्हायला नको व्हय?"

"बाबांना का नाही सांगितलंत?"

"रोज एवढ्या हौशेनं गाडी पुसत्यात, ताई. कोन सांगनार?"

म्हणजे ही गाडी कारखान्यातून उघडी, बिनटपाची आलेलीच नाही. तशा गाडीच्या सांगाड्याला खालून जादा बळकटी देतात. हिला नाही, म्हणून मधोमध वाकते. रस्त्यावर नेणं धोक्याचं. बळकटी देता येईल, पण सगळी पुन्हा सुटी करून. बाबांच्या हाताला आता कंप आहे. पाना धरवत नाही.

उद्या ते आईला तिच्या माहेरी, गारगोटीला नेणार होते.

मी बाबांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. फटीवरून बोट फिरवत म्हणाले, "कुरुंदवाडला गाडी घेताना तू बघितली होतीस ना गं?"

बघितली होती. दोन तास. इंजिन, गिअर, ब्रेक. टप नव्हताच, म्हणून तो कुठे गेला हे विचारायचं सुचलं नाही.