चष्मा पुसायला उतरलीस तेव्हा

प्रिय चष्मेवाली,

आधी हसून घे. तुला येईलच हसू, कारण नववीत शाळेनं मला सोडलं आणि मी शाळेला, आणि त्यानंतर मी गॅरेजच्या पाटीवर 'पंक्चर काढून मिळेल' एवढंच काय ते लिहिलंय, त्यातही तू दोन चुका काढल्या होत्यास. इथे तर पानभर निघतील. काढ. लाल पेन घेऊन बस, पण शेवटपर्यंत वाच. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत. गॅरेज बंद आहे. मी मागच्या गॅलरीत टूलबॉक्सवर वही ठेवून लिहितोय आणि आत कपड्यांच्या घड्या घालणं चाललंय. कोण घालतंय ते लिहितो पुढे, जरा दमानं घेऊ दे. एवढं मात्र आधीच सांगतो की माझं चुकलं, आणि तू घरी यायला पाहिजेस. बाकी सगळं त्याच्यासाठीच आहे.

ट्रिपचं सगळं आठवतं ना तुला? लग्नाला वर्ष झालं म्हणून चार दिवस मोटरसायकलवर फिरायचं, कुठं राहायचं ते ठरवायचं नाही, नकाशा बघायचा नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी मागच्या चाकाच्या स्प्रिंगचा शॉकअप दोन खाचा कडक केला. तू विचारलंस, कशाला रे? मी म्हटलं, तुझ्या वजनाला. तू ग्रीसचं फडकं माझ्या तोंडावर मारून म्हणालीस, दोन खाचा? मेल्या, एक पुरली असती! मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडलीस, आणि शेवटी स्वतःच म्हणालीस की ते बॅगेचं वजन आहे.

पहिला दिवस नुसता सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना पिवळी फुलं, मधे नदी, आणि मागून तुझं बोट. हेल्मेटमधून बोललेलं ऐकू येत नाही म्हणून तूच ठरवलं होतंस, खांद्यावर एकदा टकटक म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांब, तीनदा म्हणजे भूक. माझा डावा खांदा संध्याकाळपर्यंत सुजला. मी म्हटलं, बाई, ह्यातल्या दोनशे तर भुकेच्याच होत्या. त्या रात्रीच्या लॉजवर मी मालकिणीच्या कानात सांगितलं की माझी बायको सरकारी तपासणीला आलीय, बोलू नका कुणाला. काय धांदल उडाली तिची! तीन-तीन टॉवेल, मोठी खोली, दर पाच मिनिटांनी 'मॅडम, काही कमी?' आणि तू तरी कुठे सरळ? पलंगाखाली वाकून बघितलंस आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, ट्यूबलाइट मंद आहे, गिऱ्हाइकांचे डोळे बिघडतील. चष्म्याच्या दुकानात काम करून करून तुला तेच सुचणार. दुसऱ्या दिवशी चढावर तळ्याकाठी बसलो तेव्हा तू मला क्रीमची बिस्किटं दिलीस, आणि मी चार खाल्ली तरी कळलं नाही की आत टूथपेस्ट आहे. पाचव्याला कळलं. तू गवतात लोळून हसत होतीस. माझी खोडी झाली की दिवस मावळायच्या आत तुझी व्हायचीच, असं आपलं चाललेलं असायचं. शिव्या तर लगेच मिळायच्या.

तिसरा दिवस. तो मला नीट लिहायचाय.

धुकं होतं, पण पातळ. ऊन त्यातून येत होतं, सगळं दुधासारखं पांढरं. गवताच्या टेकड्या एकामागे एक, आणि माणूस नाही, गुरं नाही, पक्ष्याचा आवाजसुद्धा नाही. आपल्या गाडीचा आवाज तेवढा, तोही कापसात गुंडाळल्यासारखा. चढ संपतो तिथल्या वळणावर तू दोनदा टकटक केलीस. चष्म्यावर वाफ धरली होती. तू उतरलीस, रस्त्याकडेच्या सपाट दगडावर हेल्मेट ठेवलंस, चष्मा काढलास आणि ओढणीनं पुसायला लागलीस. चष्म्याशिवाय तुला हातभर अंतरावरचं माझं तोंडही दिसत नाही, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मला ते सुचलं. पुढे उतार होता. मी इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रलला टाकली, पाय उचलले, आणि गाडी आपोआप खाली घसरली. चूंसुद्धा नाही. पुढच्या वळणाआड जाऊन थांबलो आणि तोंडावर हात दाबून हसत बसलो. दहा मिनिटं. मग परत वर आलो.

तू दगडावर बसली होतीस. चष्मा डोळ्यांवर, हेल्मेट मांडीवर, गुडघे जुळवून, फोटो काढायला बसतात तशी. मी हेल्मेट आधीच घट्ट केलं होतं, मार चुकवायला. तू उठलीस, हसलीस आणि म्हणालीस, आलास? चल. बस्स. गाढव नाही, वात्रट नाही, मेल्या नाही. गाडीवर बसलीस. बसलीस म्हणजे मी आरशात बघितलं तर तू मागे होतीस.

आता हे मी सोडून कुणाला कळणार नाही, पण तुला सांगतो. मागे माणूस बसला की गाडी खाली दबते, ते पाठीला कळतं. मी रोज वीस गाड्या चालवून बघतो, मला डोळे मिटून सांगता येतं की मागे कुणी आहे का नाही. त्या वळणावर गाडी दबली नाही. पुढे रस्ता खराब होता आणि प्रत्येक खड्ड्यात मागचं चाक उडत होतं, एकट्यानं चालवताना उडतं तसं, दोन खाचा कडक केलेल्या शॉकअपवर. मी सारखा आरशात बघायचो. तू असायचीस. चष्म्याच्या काचा पांढऱ्या, तोंड हसरं. मी हात मागे नेला तर तुझ्या गुडघ्याला लागला. गुडघा होता. थंड होता, पण थंडी सगळ्यालाच होती. आणि त्या दिवशी, चौथ्या दिवशी, घरी येईपर्यंत, एकदाही टकटक नाही. तुला दोन दिवस भूक लागली नाही.

पहिले आठ दिवस मी खूश होतो. खरंच. म्हटलं, बदला घेतेय, ह्या वेळी लांबचा डाव टाकलाय, मानलं बाईला. मग मीही सुरू झालो. चहात चार चमचे मीठ घातलं. सगळा प्यायली, कप धुतला आणि म्हणाली, छान झाला होता. बघ, मी 'प्यायली' लिहायला लागलो, 'प्यायलीस' नाही. हाताला पण कळलंय. उशीखाली प्लास्टिकची पाल ठेवली, जिला बघून तू मागे एकदा खुर्चीवर चढून पोलिसांना बोलवत होतीस. तर तिनं ती उचलून माझ्या हातात दिली, तुझं काहीतरी पडलंय म्हणून. चष्मा ती घालते, पण सुईत दोरा ओवताना काढून ठेवते. अंधाऱ्या मोरीत, चष्मा खिडकीत, आणि पहिल्या झटक्यात दोरा आत.

तुझी आई येऊन दोन दिवस राहून गेली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, जावईबापू, काय जादू केलीत, पोरगी किती शहाणी झाली, उलट बोलत नाही, वस्तू फेकत नाही. मग पायरीवर थांबली आणि म्हणाली, तिला एकदा डॉक्टरला दाखवा. मी विचारलं, का? तर म्हणाली, काही नाही, मी डोक्याला तेल लावलं तेव्हा ती पूर्ण वेळ गप्प बसली हो. आणि पदर डोळ्याला लावून निघून गेली. तुझ्या दुकानाचा मालक म्हणतो, पूर्वी ही गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून नंबर सांगायची, आता ही बघते आणि गिऱ्हाईकच नजर चोरतं.

परवा मी शेवटची खात्री केली. संध्याकाळी गॅरेजसमोर गाडी उभी केली, तिला म्हटलं जरा मागे बस, स्प्रिंगमधून आवाज येतोय का बघतो. ती बसली. मी खाली वाकून शॉकअपवर बोट ठेवलं. तू बसलीस की दोन बोटं खाली यायचा. हललासुद्धा नाही. मी तसाच वाकलेला, मान वर करायची हिंमत होईना. वरून तिचा आवाज आला, अगदी गोड, काय रे, दबत नाहीये का?

उतरताना तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला.

आता खरं लिहितो, कारण त्याच्याशिवाय तू येणार नाहीस, आणि यावंस असा माझा हक्कही नाही. मी वर दहा मिनिटं लिहिलंय, ते खोटं आहे. पाऊण तास झाला होता. वळणाआडून खाली तळं दिसत होतं, धुकं त्याच्यावरून सरकत होतं, मी सिगरेट पेटवली, एक संपली, दुसरी पेटवली. आणि मी तुला ऐकलं. पहिल्यांदा तू शिव्या दिल्यास, छान मोठ्या, मी पोट धरून हसलो. मग तूही हसलीस, म्हणालीस, बरं, तू जिंकलास, ये आता. मी नाही आलो. मग बराच वेळ काही नाही. मग तू बोलत होतीस, हळू, कुणाशी तरी बोलल्यासारखी. 'नाही, माझा नवरा येतोय, आत्ता येईल,' असं दोनदा म्हणालीस. मला वाटलं, हा तुझा डाव आहे, मला घाबरवून बाहेर काढायचा. आणि मग तू मला हाक मारलीस, माझ्या नावानं. टोपणनावानं नाही, ज्या नावानं लग्नात एकदाच हाक मारली होतीस त्या नावानं. अर्ध्यावर थांबली ती हाक. मी सिगरेट विझवली नाही. मी म्हटलं, आता पळत गेलो तर ही जिंकली. म्हणून सिगरेट संपेपर्यंत बसलो. ह्यात गंमत एवढीच की तेव्हा मला खूप गंमत वाटत होती.

उद्या पहाटे मी निघतोय, एकटा. दुपारपर्यंत त्या वळणावर पोचेन. हे पत्र त्या सपाट दगडावर ठेवणार, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पाना ठेवणार, आणि इंजिन बंद करून तिथंच बसणार, वळणाआड नाही, तुझ्या समोर, तुला चष्मा नसला तरी दिसेन इतक्या जवळ. म्हणून लिहिलं हे सगळं, कारण तू ऐकत असशील तर तोंडानं मला बोलता येणार नाही, मी विनोद करून टाकेन. हा तुझाच डाव असेल, आतली तूच असशील, तर मी हरलो, चप्पल घेऊन बाहेर ये आणि मार. मी आत्ता थांबलो होतो लिहायचा, वाट बघत. कपड्यांचा आवाज थांबला, ती गॅलरीच्या दारात आली. मी वही झाकली. मी तिला पत्राबद्दल, उद्याबद्दल, एक अक्षर बोललेलो नाही. ती म्हणाली, झालं का तिला लिहून? खाली थोडी जागा ठेव, मलाही तिला दोन ओळी लिहायच्यात. आणि पेनासाठी हात पुढे करून उभी आहे. मी जागा सोडतोय. ती काय लिहील ते मी वाचणार नाही. तू वाच, आणि त्यातलं काहीही ऐकू नकोस. मी येतोय, ह्या वेळी खरंच येतोय.

तुझाच,
उचापत्या