होल्डरबाखच्या चर्चची किल्ली

मी, रेगिना टोंटश, वय चौऱ्याहत्तर, होल्डरबाखच्या जर्मन लुथरन मंडळीतली, गुडघे सोडल्यास सगळं शाबूत असताना आणि कोणीही न सांगता हे लिहून ठेवते.

१. घर आणि परसातलं अक्रोडाचं झाड शेजारीण व्हेता मुंत्यान हिला. अट एकच: दर रविवारी तिनं चर्च उघडून झाडावं आणि घंटा वाजवावी. मी गेल्यावर ते दार बंद राहील, याचीच मला भीती आहे. वकील म्हणाले, "बाई, चर्च तुमचं नाही, ते कसं देता?" मी म्हटलं, "चर्च कुठं देते? किल्ली देते. ती माझ्याच कमरेला असते."

२. चर्चमधली कोरीव वेदी शहरातल्या संग्रहालयात नेऊ देऊ नये. माझे दिवंगत यजमान श्टेफान यांनी तिची कीड काढली, सज्ज्याच्या फळ्यांवरची फुलं पुन्हा रंगवली. त्यांचे रंधे आणि कुंचले चर्चमध्येच ठेवावेत.

३. भाऊ मिखाएल, हल्ली जर्मनीत, याला काही नाही. दर नाताळाला फोनवर म्हणतो, "रेगी, त्या किडक्या लाकडांपायी तिथंच कुजणार का गं?" सज्ज्यात वडील बसत त्या जागेवरची त्यांच्या नावाची पाटी मात्र यानंच उचकटून नेली आणि तिकडे आपल्या दिवाणखान्यात लावली. ती परत करावी.

४. माझी बसायची जागा. आमच्या बायकांचे बाक बिनपाठीचे, झग्याच्या चुण्या मोडू नयेत म्हणून. बसायचं वयाच्या क्रमानं. पुढची म्हातारी वारली की बाकीच्यांनी एकेक जागा पुढे सरकायचं. आई पहिल्या बाकावर पोचली तेव्हा तिच्या तोंडात दात नव्हते. मग नव्वद साली देशाची सीमा उघडली, एका उन्हाळ्यात आमची सगळी माणसं जर्मनीला गेली, आणि मी केस काळे असतानाच पहिल्या बाकावर आले. त्या रविवारी मी फार रडले. मला एवढी घाई नव्हती.

ती जागाही व्हेताला. तिचा पंथ वेगळा, म्हणून ती दाराशी उभी राहते. म्हणाली, "काकू, मी तुमच्यातली नाही. पुढं बसले तर लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? बस गुमान."

५. ऑर्गनचा भाता उंदरांनी खाल्ला आहे. माझ्या अंत्यविधीला व्हेतानं तिला येईल ते गावं.

साक्षीदार आमच्या मंडळीतले असावेत, असं फार वाटत होतं. पण गावात आमच्यातली मी एकटीच उरले, आणि स्वतःच्या सहीला मला साक्ष राहता येत नाही.

होल्डरबाख, ट्रान्सिल्व्हेनिया, रोमानिया
३ नोव्हेंबर २०१९

(सही) रेगिना टोंटश

साक्षीदार:
दोरेल कोझ्मा, पोस्टमन
आउरिका लुपू, दवाखान्यातली नर्स