एक पाट की दोन

१२ जुलै १९८७
वहीची माफी मागतो. लावणीपासून एक अक्षर लिहिलं नाही. आज भातात तणाचं औषध मारलं. रुंद पानाचं तण तेवढं मरतं, भात राहतं म्हणे. कसं राहतं, ते दुकानदाराने सांगितलं नाही. फवारणीचा पंप व्हाळावर, वाहत्या पाण्यात खळखळून धुतला. तरी धाकधूक.

१५ जुलै
वयनीच्या दोडकी-काकडीवर मावा पडलाय. गणपतीवर टांगायच्या चौकटीला, माटोळीला, बांधायची भाजी दरवर्षी तिचीच, दादा गेल्यानंतरही. तंबाखूचं पाणी मारायला पंप मागितला.
"धुतलात मां, भावजी?"
धुतलाय म्हणालो.

१९ जुलै
वेलांचे शेंडे पिळवटलेत. पानं आवळून द्रोणासारखी, देठ सुजून तडकलेले. तंबाखूने असं होत नाही. माझं भात मात्र हिरवंगार. वयनीने पंप माझ्या दारात आणून टाकला.

२१ जुलै
तडकलेला देठ घेऊन पेडण्याला शेतकी ऑफिसात गेलो. फलकावरचं दमण-दीव पुसून नुसतं गोवा ठेवलंय. आत एक तरुण बाई. देठ बघताच म्हणाली, "आजोबांनू, पंप कशान धुतलात?"
पाण्यान.
"नुसत्या पाण्यान जायना ता. धुण्याचो सोडो घालून रातभर ठेवचो लागता."
मग समजावलं. झाडात वाढीचा रस असतो. झाड तो बेताने वापरतं, उरलेला मोडून टाकतं. औषध त्या रसासारखंच, पण दोडकीला ते मोडता येत नाही. मग वेल भलतीकडे वाढत सुटतो, अन्न न्यायच्या नळ्या सुजून बंद होतात, आणि मरतो. भात गवताच्या जातीचं. ते औषध लांबवर जाऊ देत नाही, आतल्या आत मोडून निरुपद्रवी करतं.
चौथी शिकलेल्या मला एवढं समजलं. वाटेत बसमध्ये घोकत आलो.

२२ जुलै
वयनीला सांगितलं.
"वाढवून मारलां? असलां कधी आयकूक नाय." मग म्हणाली, "तुमचां भात जगलां, माझे वेल मेले. औषधाक बरां कळता तुमचां खयचां नि माझां खयचां. अवंदा मी माझो गणपती वेगळो आणतंय."
मूर्ती ज्यावर घडवतात तो पाटही सुताराकडे नवा सांगून आली. या घरात आजवर दोन गणपती कधी…
जेवलो नाही.

२४ जुलै
वयनीच्या फवारणीनंतर पंपाच्या तळाशी उरलेलं पाणी माझ्या चिबडाच्या वेलावर ओतलं. वयनीला हाक मारून, तिच्यासमोर.
"खुळावलात काय?"
औषधाला तुमचं-माझं कळतं का, बघत राहा म्हणालो.

२७ जुलै
चिबूड पिळवटला, तिच्या दोडकीसारखाच. वयनी बघायला आली. शेंडा बोटाने सरळ केला, तो परत वळला.
"आता माटोळीक काय, तुमचां डोकां बांधूया?" एवढं बोलून गेली. हसली की नाही, दिसलं नाही.
तिच्या एका काकडीला बुडाशी नवं पान फुटतंय. सरळ आहे की वळलेलं, एवढ्यात सांगता येत नाही.

२८ जुलै
गणपती घडवतात त्या चित्रशाळेत विचारून आलो. मातीचं काम सुरू झालंय, पाट द्या म्हणतात. आपला जुना पाट पुसून दारात ठेवलाय. वयनीचा नवा तिच्या ओसरीवर, अजून रंग नाही. तीही घेऊन गेलेली नाही.
तिच्या मुलाला वास्कोला पत्र टाकलं. सगळं लिहिलं, नळ्या सुजण्याचंही. शेवटी लिहिलं: अरे बाबा, तुझी आई माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. तिला विचार आणि एक पाट देऊ की दोन, ते लवकर कळव.